काळी सायकल घेताय, की जुनी काळी करून घेताय? आधी हे वाचा

दिवाळीपासून आठ-दहा जणांनी मला हेच विचारलंय, की अरे काळी घेऊ का, दिसते तर एक नंबर पण नंतर त्रास होतो का. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

माझ्याकडे दोन काळ्या सायकली आहेत. एक बाबांची २२ इंची, रॉड ब्रेकवाली, चकचकीत काळी, तिच्यावर सोनेरी लाइनिंग होतं (होतं, कारण ते मीच घालवलं, ते पुढे सांगतो). दुसरी माझी हायब्रिड (रोडबाइक आणि माउंटनबाइकच्या मधली), मॅट म्हणजे बिनचमकीची काळी, पाच वर्षं पुण्यात रोज ऑफिसला नेतोय. दोघी काळ्या पण दोघींचं दुखणं एकदम वेगळं, आणि सगळा घोळ इथेच आहे. दुकानदार नुसतं "ब्लॅक" म्हणतो आणि आपण मान डोलावतो.

१. आधी विचारा, काळी कशाने केलीय?

एकाच सायकलवर तीन-चार प्रकारचं काळं असतं, आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी.

फ्रेम आणि चिमटा म्हणजे फोर्क, हे बहुतेक वेळा रंगवलेले किंवा पावडर कोटिंग केलेले (रंगाची पूड चिकटवून भट्टीत भाजलेले) असतात. इथे काळ्याचा खरा फायदा आहे. काळ्या रंगात कार्बन ब्लॅक असतं, म्हणजे एक प्रकारची काजळीच, आणि ती ऊन पचवते. लाल सायकल दोन-चार उन्हाळ्यांत गुलाबीसर होते, काळी तशी विटत नाही. वरची चकाकी जाते, थोडी राखाडी झाक येते, पण पॉलिश मारलं की परत काळी. आपल्याकडच्या जुन्या हर्क्युलस, अ‍ॅटलस, रॅले चाळीस-पन्नास वर्षांनीही काळ्याच दिसतात त्या उगाच नाही. ही परंपरा इंग्लंडमधून आली, तिकडे भट्टीत तापवून पक्कं केलेलं काळं एनॅमल वापरायचे. सनबीम सायकल काढणारे वुल्व्हरहॅम्प्टनचे जॉन मार्स्टन १८८७ मध्ये सायकलीत उतरले, त्याआधी त्यांचा धंदा पत्र्याच्या ट्रे-डब्यांवर काळं चकचकीत जपान-वार्निश चढवायचा होता. म्हणजे काळा रंग आधी आला आणि सायकल मागून आली म्हणा ना! कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं जुन्या सायकलींचं म्युझियम आहे, तिथे एकदा जाऊन या, जुना काळा कसा असतो ते डोळ्यांनी बघितल्यावर कळतं.

हँडल, स्टेम (हँडल धरणारा तुकडा), सीटपोस्ट (सीटखालचा दांडा), रिम हे अ‍ॅल्युमिनियमचे असतील तर काळं अ‍ॅनोडाइज असतं. म्हणजे रंगाचा थर नाही, धातूच्या पृष्ठभागावरच प्रक्रिया करून त्यात डाय मुरवलेला असतो. सोलवटून निघत नाही हा मोठा फायदा. पण डाय हलका असेल तर उन्हात तो जांभळट-तपकिरी व्हायला लागतो. माझ्या हायब्रिडची फ्रेम अजून काळी आहे आणि स्टेम जांभळासारखा दिसतो, आई म्हणते हा वेगळ्या सायकलचा लावलास का.

नट-बोल्ट आणि छोटे लोखंडी पार्ट ब्लॅकोडाइज केलेले असतात, म्हणजे रसायनात बुडवून लोखंडाचाच पृष्ठभाग काळा केलेला. भोसरी-चाकणला कामाला असलेल्यांना सांगायची गरज नाही. हे दिसतं मस्त पण गंजापासून बचाव जवळजवळ शून्य, तेलाचा हात असेल तोवरच ठीक. एका पावसाळ्यात बोल्टची डोकी तांबूस होतात. स्टेनलेसचे बोल्ट मिळतात, ते बदलून टाका, फार खर्च नाही. फक्त ब्रेक आणि स्टेमचे बोल्ट बदलताना माप आणि ग्रेड मेकॅनिकला विचारून घ्या, कुठलाही बोल्ट कुठेही ठोकू नका.

आणि स्पोक, म्हणजे चाकाच्या तारा. स्टेनलेसवर काळं कोटिंग असेल तर उत्तम. साध्या लोखंडी तारांना काळा रंग फासलेला असेल तर निपलपाशी (तार रिमला आवळणारा छोटा नट) पहिला गंज येतो, आणि मग चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायला गेलं की निपल फिरतच नाही, तार तुटते. दुकानात ओळखायचं कसं? छोटं लोहचुंबक न्या. लोखंडी तार फट्कन चिकटते, स्टेनलेस तार अगदी थोडी ओढते किंवा ओढतच नाही.

२. ग्लॉस की मॅट की मधलं काहीतरी

लोकांचा समज असतो की काळ्यावर मळ दिसत नाही. अहो, मळ दिसतो! आपल्याकडची धूळ फिकट असते, मातकट. चकचकीत काळ्यावर ती सकाळी पुसली की संध्याकाळी हजर. कोकणात तर तांबडी माती, विचारूच नका. काळ्यावर दिसत नाही ते तेल, ग्रीस आणि तडे, म्हणजे नेमकं जे दिसायला हवं ते. याच्यावर तिसऱ्या पायरीत बोलतो.

ग्लॉस: ओरखडे आणि पुसण्याच्या गोल गोल रेघा उन्हात लगेच दिसतात, पण दुरुस्ती सगळ्यात सोपी. काळा चकचकीत रंग जुळवायला काय लागतं? कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानातली एनॅमलची छोटी डबी आणि बारीक ब्रश. मी एकदा बायकोच्या काळ्या नेलपॉलिशने चिमट्यावरचा टवका भरला होता, अजून टिकून आहे (तिला माहीत नाही).

मॅट: ओरखडे लांबून कमी दिसतात, फोटोत भारी येते. पण हाताचं तेल, घाम, सनस्क्रीन सगळं चिकटून बसतं, आणि जोरात घासलं तर तेवढीच जागा चमकायला लागते, ती परत मॅट होत नाही. पॉलिश, वॅक्स तर बिलकूल लावू नका. खंडेनवमीला आईने तेलात कालवलेल्या कुंकवाचं बोट माझ्या हायब्रिडच्या हेड ट्यूबवर (हँडलखालची पुढची उभी नळी) ओढलं. दुसऱ्या दिवशी मी ते ओल्या फडक्याने जोर लावून पुसलं, कुंकू गेलं, पण बोटाच्या आकाराची चकाकणारी रेघ पाच वर्षं तशीच आहे. आता पूजेच्या वेळी मीच आधी कागदी टेपचा तुकडा लावून ठेवतो, आई त्याच्यावर बोट ओढते.

सॅटिन, ज्याला काही जण सेमी-मॅट म्हणतात, ते मला विचाराल तर रोजच्या वापराला सगळ्यात शहाणं. पण प्रत्येक मॉडेलमध्ये मिळेलच असं नाही.

३. दुकानात किंवा सेकंडहँड बघताना काय तपासायचं

सोबत न्यायचं: मोबाइलचा टॉर्च, पांढरं सुती फडकं, वर सांगितलेलं लोहचुंबक. बास.

टॉर्च फ्रेमला समोरून नाही, तिरका, जवळजवळ ट्यूबला टेकवून धरायचा. काळ्या रंगावर सरळ उजेडात काही म्हणजे काही दिसत नाही, तिरक्या उजेडात पोचा आणि तडे सावली टाकतात. बघायच्या जागा: हेड ट्यूब आणि डाउन ट्यूबचा (खालची तिरपी नळी) जोड, बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, पॅडलचा एक्सल फिरतो ती जागा) आजूबाजूला, सीटपोस्ट जिथे आत जातो तिथली खाच, आणि मागच्या चाकाचा एक्सल बसतो ती जागा. लोखंडी फ्रेमला तडा असेल तर बऱ्याचदा तिथे तपकिरी रेघ उमटते, पण अ‍ॅल्युमिनियमला गंजाची रेघ येत नाही, त्यामुळे काळी अ‍ॅल्युमिनियम फ्रेम सेकंडहँड घेताना दुप्पट वेळ द्या. फडकं या जोडांवरून हलकं फिरवायचं, धागा अडकला की तिथे थांबायचं.

सेकंडहँडमध्ये आणखी एक मोठा सापळा, ताजा काळा स्प्रे. गंज, वेल्डिंग, दुसऱ्याची सायकल, सगळं एका काळ्या डब्याने झाकलं जातं. केबलच्या क्लिपांवर, बेअरिंगच्या कडेला, टायरवर काळे शिंतोडे दिसले की समजा घाईत मारलाय. बहुतेक वेळा बीबीच्या खाली फ्रेम नंबर असतो, तो रंगाने बुजलेला असेल आणि मूळ बिल नसेल तर मी तरी ती सायकल घेणार नाही.

रिमचं एक सांगतो कारण नवीन लोक घाबरतात. काळ्या रिमला रिम ब्रेक असेल तर ब्रेक रबर लागतं ती पट्टी महिन्या-दोन महिन्यांत चंदेरी होणारच. बिघाड नाही तो, अ‍ॅनोडाइज घासलं जातंय. बऱ्याच रिमची ती पट्टी कंपनीतूनच मशीनिंग करून चंदेरी ठेवलेली असते. पूर्ण काळी रिम काळीच राहायला हवी असेल तर डिस्क ब्रेकवाली घ्या.

काळ्या चेनचा पैसा मात्र वाया. रोलरवरचं कोटिंग थोड्याच दिवसांत जातं, आणि मळ दिसत नसल्याने साफ करायचं राहून जातं.

४. ऊन

काळं तापतं हे सांगायला मी कशाला हवा. मे महिन्यात दुपारी उघड्यावर लावलेल्या काळ्या सायकलच्या टॉप ट्यूबवर हात ठेवून बघा, ठेवलात तर लगेच उचलाल. फ्रेमला त्याने काही होत नाही, धातूला ती उष्णता किरकोळ. त्रास होतो तो सीटला, ग्रिपला आणि स्टिकरला, आणि अर्थात बसणाऱ्याला. विदर्भ-खानदेशात राहणाऱ्यांनी निदान सीट तरी फिकट घ्या, नाहीतर कॅरियरला एक जुना टॉवेल कायम बांधून ठेवा. आमच्या जळगावच्या मामाचा टॉवेल सायकलपेक्षा जुना आहे. ई-सायकल असेल आणि बॅटरी काळ्या डाउन ट्यूबमध्ये असेल तर सावलीतच लावा, आणि तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, गार होऊ द्या.

५. रात्र

इथे मी मस्करी करत नाही. काळी सायकल, काळं जॅकेट, काळी सॅक, आणि पावसाळ्यात ओला काळा डांबरी रस्ता, मागून येणाऱ्या गाडीवाल्याला तुम्ही दिसतच नाही. आणि नवीन सायकल घरी आणल्यावर लोक पहिलं काम काय करतात, तर रिफ्लेक्टर काढून टाकतात, "लुक खराब होतो" म्हणून. काढू नका! पुढचा पांढरा, मागचा लाल, चाकांतले आणि पॅडलवरचे. पॅडलचे तर सगळ्यात कामाचे, कारण ते वरखाली हलतात आणि हलणारी गोष्ट लांबून कळते की हा सायकलवाला आहे.

लुकची इतकीच काळजी असेल तर काळी रिफ्लेक्टिव टेप मिळते. दिवसा काळीच दिसते, रात्री हेडलाइट पडला की पांढरी चमकते. मागच्या दोन्ही नळ्यांवर, चिमट्याच्या पायांवर आणि मडगार्डच्या शेपटीवर तुकडे लावा. पांढऱ्या टेपइतकी ती चमकत नाही, म्हणून मागचा लाल लाइट हवाच. बाबा सांगतात, त्यांच्या वेळी पुण्यात सायकलच्या लायसनचा बिल्ला नसला, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट असलं की पोलीस पकडायचे. बिल्ला गेला, दिव्याची सवयही गेली.

६. जुनी सायकल काळी करून घ्यायची असेल तर

सगळ्यात जास्त चुका मी इथे केल्यात, त्यामुळे सावकाश वाचा.

पहिला प्रश्न स्वतःला विचारा, खरंच गरज आहे का? बाबांच्या सायकलवर वीस वर्षांचा चिकट मळ होता, मला वाटलं रंग गेला. दिली पावडर कोटिंगला. सँड ब्लास्टिंगमध्ये (वाळूचा जोरात मारा करून रंग काढतात) रंग, ट्रान्सफर म्हणजे कंपनीच्या नावाची चित्रं, सोनेरी लाइनिंग सगळं साफ. मग घरी चेनकव्हर रॉकेलने पुसायला घेतलं (ते द्यायचं राहिलं होतं), तर मळाखालून मूळ काळा तसाच्या तसा वर आला, आणि आतल्या बाजूला, जिथे पँट कधी घासली नाही, तिथे ती सोनेरी रेघ दोऱ्यासारखी बारीक, न तुटता या टोकापासून त्या टोकापर्यंत. हाताने ओढलेली रेघ होती ती. बाबा काही बोलले नाहीत, चेनकव्हर उचलून खिडकीच्या उजेडात धरलं आणि परत ठेवलं. तेव्हा आधी रॉकेलचं फडकं, मग साबणपाणी, मग ग्लॉस असेल तर पॉलिश, आणि हे सगळं करूनही भागलं नाही तरच पुढे जा.

देण्याआधी गोळा करायचं:
- सायकलचं बिल असेल तर त्याचा फोटो
- फ्रेम नंबरचे दोन-तीन फोटो, शिवाय त्याच्यावर कागद ठेवून पेन्सिलने घासून घेतलेला ठसा
- सायकलचे सगळ्या बाजूंनी फोटो, केबल कुठून कुठे जाते ते दिसेल असे
- काय काय पार्ट दिले त्याची यादी, जॉबवर्कवाल्याच्या चलनावर लिहून घेतलेली
- रंगाचा कोड आणि फिनिश, तेही चलनावर

फ्रेम नंबरचं का म्हणतोय ते ऐका. पावडरचा थर साधारण ६० ते १०० मायक्रॉन असतो, आणि जुन्या सायकलचे आकडे आधीच पुसट. माझी परत आली तेव्हा ६ आहे की ८ तेच कळेना. उद्या सायकल चोरीला गेली तर पोलिसांना काय सांगणार, "काळी आहे"?

आता कोड. पावडर कोटिंगवाले रॅल (RAL) नंबर मागतात, म्हणजे ठरलेल्या रंग-यादीतला नंबर. नेहमीचा गडद काळा म्हणजे रॅल ९००५. पण नंबर फक्त रंगाचा, फिनिश वेगळं सांगायचं: ग्लॉसी, सेमी किंवा मॅट, आणि पुढे जोर देऊन म्हणायचं "प्लेन, टेक्स्चर नको". नुसतं "काळा मॅट" म्हणालात तर बऱ्याच ठिकाणी खिडकीच्या ग्रिलला मारतात तो खरखरीत टेक्स्चर मारून देतात, कारण त्यांचं रोजचं काम गेट आणि ग्रिलचं असतं. त्या खरखरीत घाण अशी बसते की ब्रशनेही निघत नाही. शक्य असेल तर नमुन्याची पट्टी बघूनच हो म्हणा.

काय देऊ नये: कार्बन फ्रेम अजिबात नाही, पावडर १८० ते २०० अंशांवर दहा-वीस मिनिटं भाजतात, कार्बनमधला रेझिन त्यासाठी बनलेला नसतो. सस्पेन्शनचा चिमटा नाही, सील जळतील. फ्रेममध्ये कुठे लांबी (पुट्टी) किंवा एमसील भरलेलं असेल तर आधी सांगा, पावडर विजेच्या भाराने धातूला चिकटते, लांबीवर ती नीट धरत नाही. साधी लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम चालते, फक्त अ‍ॅल्युमिनियमला ब्लास्टिंग बारीक वाळूनेच करायला सांगा.

सायकल पूर्ण मोकळी करून द्यायची. म्हणजे पूर्ण. बीबीचे कप, छर्रे, हँडलच्या वाट्या, कंपनीचा बिल्ला, सगळं काढायचं आणि आतलं ग्रीस पुसायचं. ग्रीस राहिलं तर भट्टीत वितळून बाहेर येतं आणि फोड येतात. मग झाकायच्या जागा चिकटपट्टीने खुणा करून दाखवायच्या: बीबीचे आटे, हेड ट्यूबची आतली बाजू, सीट ट्यूबची आतली बाजू, बाकीचे सगळे छोटे आटे, आणि एक्सलचे नट जिथे दाबून बसतात ती जागा. तोंडी सांगून भागत नाही, समोरचा "हो हो साहेब" म्हणतो. छोट्या आट्यांत मी जुने बोल्टच फिरवून ठेवतो, कोटिंग झाल्यावर ते फेकून द्यायचे.

पावसाळ्यात लोखंडी फ्रेम देत असाल तर ब्लास्टिंग आणि कोटिंग एकाच दिवशी होणार का ते विचारा. ब्लास्ट केलेलं उघडं लोखंड दमट हवेत काही तासांतच तांबूस होतं, आणि त्याच्यावर पावडर मारली की गंज आतल्या आत पसरत जातो. झिंक प्रायमर मारतात का तेही विचारा. जास्त पैसे लागले तरी द्या, कोकणातल्या खाऱ्या हवेत राहणाऱ्यांनी तर नक्कीच.

७. घरी स्प्रे मारणार असाल

लागणारं सामान: वेगवेगळ्या नंबरचे पॉलिश पेपर (२२०, ४००, ८००), थिनर, प्रायमरचा डबा, काळ्याचे दोन डबे, वर क्लिअर, कागदी टेप, मास्क, आणि लटकवायला दोरी. गच्चीत मारा, पण वारा नसताना.

जुना रंग पूर्ण काढायची गरज नाही, घट्ट बसलेला असेल तर नुसता खरवडून खरखरीत करा. प्रायमर, मग काळ्याचे पातळ तीन-चार हात, प्रत्येक हाताच्या मध्ये १०-१५ मिनिटं. डबा २०-२५ सेंटीमीटर लांब ठेवायचा. सगळे जण पहिल्या हातातच काळंभोर करायला जातात आणि ओघळ येतात. पहिल्या हातानंतर फ्रेम घाणेरडी, ठिपक्याठिपक्यांची दिसते, दिसू द्या. पावसाळी हवेत मारू नका, काळ्यावर पांढरट धुरकटपणा येतो, आणि पांढऱ्या रंगावर तो दिसणार नाही इतका काळ्यावर दिसतो. मग आठवडाभर तरी हात लावू नका. दुसऱ्या दिवशी सुकल्यासारखा वाटतो पण आतून मऊ असतो, क्लॅम्प आवळला की त्याचा छाप कायमचा.

८. जोडून झाल्यावर

केबल हेड ट्यूबला जिथे घासतात तिथे पहिल्याच दिवशी पारदर्शक फिल्मचे तुकडे लावा. काळ्यावरचा घासा आतून चंदेरी किंवा प्रायमरचा तांबडा दिसतो आणि नजर तिथेच जाते. अ‍ॅनोडाइजवरच्या ओरखड्याला मार्कर लावायचा मोह होतो, लावा, पण काही महिन्यांनी तो जांभळा होतो हे माहीत असू द्या. कुलपाची साखळी उघडी नको, टायरमधल्या जुन्या रबरी ट्यूबचा तुकडा तिच्यावर चढवा.

सीटपोस्ट आत जात नसेल तर हातोडी घेऊ नका! आत कोटिंग गेलंय, मेकॅनिककडून रीमर (नळी आतून खरवडायचं हत्यार) फिरवून घ्या. आणि पावडर कोटिंग करून आणलेली असेल तर आठवड्याने चाकांचे नट पुन्हा एकदा आवळा. नटाखाली कोटिंग राहिलं असेल तर ते दाबलं जाऊन पातळ होतं आणि नट ढिला पडतो. माझं मागचं चाक असंच एका सिग्नलला जोरात पॅडल मारताना तिरकं होऊन नळीला घासलं, तिथला नवीन रंग गेला. आता तिथे नेलपॉलिश आहे.